उतार

चार इंचांचा कट्टा होता मोरीला.
लग्नानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात बांधून घेतलेला,
पाणी स्वयंपाकघरात येतं म्हणून
तूच माझ्या मागे लागून.
चाळीस वर्षं ओलांडलास तू तो
बादली घेऊन, पोटात पोर घेऊन,
भांडण अर्धवट ठेवून.
हॉस्पिटलातून घरी आलो त्या रात्री
तुझ्या उजव्या पायाला तो दिसलाच नाही.

माझगावच्या ह्या इमारतीत
भिंतीला भोक पाडायचं तर
आधी भिंतीची समजूत काढावी लागते.
घाडीगावकर प्लंबर बोटांनी ठोकत कान लावतो,
डॉक्टर छातीवर वाजवतात तसा.
“इथे दांडा धरणार नाही, काका. विटेचं पीठ झालंय.
तिकडे बघू.”
तिकडे म्हणजे तुझ्या डाव्या हाताला.
तोच तर चालतो.

कट्टा फुटला.
खाली आपली पिवळी लादी, तिच्याखाली लाल कोबा,
त्याच्याही खाली काळ्यापांढऱ्या, बुद्धिबळाच्या पटासारख्या फरश्या.
आपल्याआधी इथे कोण अंघोळ करत होतं
कोणास ठाऊक.
मालद्याचा नुरुल मिस्त्री
तिन्ही संसार पोत्यांत भरून जिन्याने उतरवतो.
तिसरा मजला, पोत्यामागे चाळीस रुपये.

मग विटांचे तुकडे, सिमेंट, काळं औषध,
आणि दोन दिवस घोटाभर पाणी भरून ठेवायचं,
गळतंय का बघायला.
खालचा लॅन्सी मिस्किटा
सत्तावीस वर्षं बोलत नाही आपल्याशी.
त्याच्या छतावर आपल्या मोरीची ओल उतरली होती.
तू बघून आलीस आणि म्हणालीस,
अगदी मादागास्कर आहे हो,
आणि तेही त्याच्या तोंडावर.

दोन दिवस तो खुर्ची टाकून वर बघत बसला.
दोन दिवस मी तुला ओल्या पंचाने पुसलं,
पाठ, बगला, बोटांमधल्या बेचक्या.
तू भिंतीकडे तोंड केलंस.
पलीकडच्या खोलीत
ते पाणी नुसतं उभं,
ट्यूबलाइट पोटात घेऊन.

तिसऱ्या सकाळी बेल वाजली.
“एकदम सुकं आहे,” लॅन्सी म्हणाला
आणि जिना उतरायला लागला.
सत्तावीस वर्षांनी तीन शब्द.
चहा विचारायचं मला सुचलं
तोवर त्याचं दार लागलंही होतं.

आता उतार. फुटाला पाव इंच.
कमी पडला तर पाणी तुंबतं,
जास्त झाला तर माणूस घसरतो.
ताप कमी झाला की उतार पडला म्हणतो आपण,
आणि आपल्या ह्या वयालाही उतारच.
तू असतीस पूर्वीची
तर फळ्यावर लिहून वर्गाला विचारलं असतंस.

नुरुल टमरेल भरून दारात ओततो.
तुझी चाकांची खुर्ची अगदी कडेपर्यंत आलेली,
अडवायला आता काहीच नाही.
पाणी जरा थबकतं, दोन वाटांनी फुटतं,
मधल्या फरशीला वळसा घालून
कोपऱ्यातल्या जाळीकडे निघतं.

आठ महिने तुझ्याजवळ एकच शब्द.
चहाला परवा. दुखलं तरी परवा.
मुलीचा फोन आला, परवा.
मला हाक मारायचीस तीही तीच.

तुझा डावा हात वर आला,
नकाशावर छडी धरायचा तसा,
पाणी जिथे वळत होतं तिथे रोखलेला.
“खोरं,”
म्हणालीस तू.

नुरुल दचकला.
“क्या खराब है, चाचा?”
त्याला काय सांगावं?
पालिकेच्या शाळेतली तीस वर्षं,
खडूने भरलेली तुझी बाही,
धुरंधरबाईंची सातवी ब,
गोदावरीचं, भीमेचं, कृष्णेचं.
हिंदीत ह्याला काय म्हणतात तेही मला ठाऊक नव्हतं.
“कुछ खराब नहीं,” एवढंच म्हणालो,
आणि त्याच्या हातातून टमरेल घेतलं.

ओतलं.
पुन्हा भरून ओतलं.
तू वाकून बघत राहिलीस.
“परवा,” म्हणालीस मग,
आणि जाळीपाशी पाणी
गुरगुरत खाली गेलं.